केसभर बाहेर काढायची चावी

गाडी सुरू होत नव्हती आणि उस्ताद आंघोळीला गेले होते.

बाईंनी चावी पुन्हा कुलपात घातली. फिरवली. ती जागची हलली नाही. थोडी बाहेर ओढून फिरवली, वर दाबून फिरवली, दुसऱ्या हातानं स्टिअरिंगला हिसका देऊन फिरवली. ढिम्म! मागच्या सीटवर काचेच्या नळ्या आणि चंचुपात्रं कापडात गुंडाळून ठेवलेली होती. बाई शाळेची प्रयोगशाळा सांभाळायच्या. आज प्रात्यक्षिक परीक्षा होती, परीक्षक बाहेरून येणार होते, आणि परीक्षेचं सामान इथे या बंद गाडीत अडकून पडलं होतं.

"अहो, जरा लवकर या!" बाईंनी न्हाणीघराच्या खिडकीकडे बघून हाक मारली.

आतला पाण्याचा आवाज थांबला. "केसभर बाहेर काढ आणि मग फिरव! किती वेळा सांगितलंय?"

"काढली. नाही फिरत."

"मग जास्त काढली असशील!"

शेजारचे काका दात घासत कुंपणापाशी येऊन उभे राहिले. फुकटचा खेळ कोण सोडतो? तोंडातला फेस सांभाळत ते म्हणाले, "वहिनी, गाडीसुद्धा माणूस ओळखते बघा!"

शेवटी कमरेला पंचा गुंडाळून उस्ताद बाहेर आले. कानामागे साबण तसाच होता. त्यांनी बाईंना सीटवरून उठवलंही नाही. खिडकीतून नुसता हात आत घातला, चावीला अंगठ्यानं कुठेतरी बारीकसा धक्का दिला, आणि गाडी सुरू झाली. काकांनी ब्रश काखेत धरून टाळी वाजवली.

"हात लागतो त्याला," उस्ताद म्हणाले.

बाईंनी गाडी फाटकाबाहेर काढली. शाळेत पोचल्यावर बोलणी खायची होती, ती तयारी त्या मनातल्या मनात करत होत्या. उशीर गाडीमुळे झाला असं सांगितलं, की सगळे एकच विचारायचे, की मग तुमच्या मिस्टरांना कशी सुरू होते? याला काय उत्तर द्यायचं!

उस्ताद हे त्यांचं नाव नव्हे. गल्लीनं दिलेली पदवी होती ती. ते फोटोंना आणि चित्रांना चौकटी करून द्यायचे. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं काम चालायचं. पण त्यांची कीर्ती निराळीच होती. मेलेली वस्तू चालवून दाखवावी तर उस्तादांनी. त्यांच्या घरातल्या एकूण एक वस्तूला एक युक्ती होती. न्हाणीघराचं दार खाली बसलेलं. आतून बाहेर पडताना एका हातानं दार मुठीला धरून उचलायचं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं कडी सरकवायची, तेव्हा ती उघडणार. कपाटाला बुडाशी लाथ मारावी लागे. काच कापायच्या टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली लाकडाची चकती सारलेली. त्या कोपऱ्यावर भार म्हणून द्यायचा नाही. पाहुणा आला की त्याला आधी पाणी आणि मग या सगळ्या युक्त्या देण्यात येत. पाहुणे हसत, उस्ताद खूश होत.

आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे गाडीचं इग्निशनचं कुलूप. गाडी जुनी, कुलूप तितकंच जुनं, आतून पार झिजलेलं. बाईंनी ते बदलून घेण्याचा विषय काढला नाही असा महिना गेला नसेल. पैशांचा प्रश्नच नव्हता. त्याच वर्षी उस्तादांनी गाडीला नवे सीटकव्हर घातले होते. प्रश्न वेगळाच होता. कुलूप नवं झालं असतं, तर गाडी कुणालाही सुरू झाली असती!

बाईंच्या कटकटीवर उपाय म्हणून त्यांनी एकदा नवी चावी तेवढी करून आणली. तीही जुन्या चावीवरून. म्हणजे झालेली झीजच नव्यानं कोरून आणली. ती चावी चकाकत होती आणि चालत मात्र मुळीच नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळी बाईंनी विषय पुन्हा काढला. परीक्षकांनी सगळ्या मुलांसमोर त्यांना घड्याळ दाखवलं होतं, त्याची आग अजून डोक्यात होती.

"कुलूप बदला. आता मी विनंती करत नाही, सांगतेय."

"चालतंय ना? मग चालत्या वस्तूला कशाला हात लावायचा?"

"तुमच्या हातात चालतंय."

"मग शिकून घे! मी शिकवायला तयार आहे. तुझं लक्षच नसतं. वस्तूवर जरा माया लागते."

बाईंनी हातातलं ताट ओट्यावर आपटलं. "आमच्या प्रयोगशाळेत एखादा बर्नर एकाच माणसाच्या हातानं पेटायला लागला ना, तर आम्ही त्या माणसाचा सत्कार नाही करत. बर्नर बाद करतो. कारण तो उद्या एखाद्या पोराच्या तोंडावर भडकेल. वस्तू नादुरुस्त आहे, मी नाही!"

"आता हिची प्रयोगशाळा सुरू झाली," उस्ताद हसून आपल्या आईकडे बघत म्हणाले.

आई, म्हणजे गल्लीभरच्या आजी, कोपऱ्यातल्या खुर्चीत शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. मुलाकडे एकदा रोखून बघितलं आणि पुन्हा शेंगांत मान घातली. उस्तादांना ते काही विशेष वाटलं नाही.

वाचकहो, इथेच हे प्रकरण थांबलं असतं, तर ही गोष्ट लिहायचं कारण नव्हतं. नवराबायकोची धुसफूस कुठल्या घरात नसते? पण बाद वस्तू कुणाचं नातं बघत नाही.

सुटीच्या दिवशी दुपारी उस्ताद एका मोठ्या चौकटीसाठी काच कापत होते. काचेचं पान टेबलावर आडवं पसरलेलं. पट्टी सरकवायला ते पुढे वाकले आणि ज्या कोपऱ्यावर कुणी भार द्यायचा नाही, त्याच कोपऱ्यावर त्यांचं कोपर टेकलं. चकती निसटली. टेबल कललं. काच घसरायला लागली, आणि आयुष्यभर पडती वस्तू झेलून शाबासकी मिळवलेल्या त्या माणसानं उजवा हात पुढे करून ती पकडली.

आधी काच फुटल्याचा आवाज आला आणि मग उस्तादांची किंकाळी.

बाई धावत आल्या तेव्हा अंगठ्याच्या बुडापासून मनगटापर्यंत हात उघडा पडला होता आणि रक्त उसळून येत होतं. आजींनी दोरीवरचा टॉवेल ओढला, घडी घालून जखमेवर दाबला आणि मुलाचा हात वर धरला. "हॉस्पिटल! चल!" एवढंच त्या म्हणाल्या. बाईंनी रुग्णवाहिकेला फोन लावला. गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, येईल, पण वेळ लागेल, असं उत्तर मिळालं. शेजारच्या काकांच्या दाराला कुलूप होतं. आणि फाटकात, दोन पावलांवर, यांची स्वतःची गाडी उभी होती!

उस्तादांना पुढच्या सीटवर बसवलं. आजी मागून दोन्ही हातांनी टॉवेल दाबून धरत होत्या. बाईंनी चावी घातली.

फिरली नाही.

"केसभर बाहेर," उस्ताद कण्हत म्हणाले.

"काढली!"

"जास्त काढलीस. आत घे. थोडी... आता वर दाब. वर, अगं वर!"

"किती वर? नीट सांगा!"

"तेवढीच... असं... असं करायचं..." त्यांनी डावा हात हवेत हलवला. त्या हाताला काही येत नव्हतं. सगळी विद्या उजव्या अंगठ्यात होती आणि तो अंगठा टॉवेलात लोंबत होता. तोंडाला ती कधी सांगताच आली नव्हती. इतकी वर्षं शिकवतो शिकवतो म्हणत होते, तेव्हा त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं की आपण नेमकं काय करतो!

"केसभर म्हणजे किती?" बाई ओरडल्या. "किती हो केसभर?"

उस्तादांनी डाव्या हातानं चावी धरून बघितली. बोटं रक्तानं निसरडी झाली होती, चावी गोल फिरायच्या ऐवजी हातातून सुटत होती. त्यांचा चेहरा पांढरा पडत चालला. टॉवेलातून थेंब सीटकव्हरवर पडायला लागले. बाईंनी त्यांचा हात बाजूला सारला, दात ओठ खाऊन, सगळा जोर एकवटून चावी पिळली.

कट्कन आवाज झाला. अर्धी चावी बाईंच्या हातात आली, अर्धी कुलपात राहिली.

बाई हातातल्या तुकड्याकडे बघत राहिल्या. मग आजी म्हणाल्या, "पळ. रस्त्यावर पळ. मी धरलाय याला."

बाई अनवाणी धावल्या. गल्ली संपून मोठा रस्ता लागतो तिथे रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. पहिली गाडी वळसा घालून निघून गेली. दुसऱ्यानं हॉर्न वाजवला, शिवी दिली आणि गेला. मग पावांचा एक टेम्पो थांबला. त्या भल्या माणसानं काही न विचारता टेम्पो गल्लीत घातला. पावांच्या रिकाम्या क्रेटांमध्ये उस्तादांना आडवं केलं, तोवर त्यांची शुद्ध गेली होती.

ते वाचले. नस शिवली, रक्त चढवलं, अंगठ्याचा तुटलेला स्नायुबंध जोडला. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढता काढता विचारलं, "एवढा वेळ का लावलात? घरी गाडी नाही का?" बाईंनी आपल्या अनवाणी पायांकडे बघितलं. सांगायचं तरी काय, की गाडी आहे, पण ती सुरू करणारा आता तुमच्या टेबलावर आहे?

घरी आल्यावर लोक भेटायला यायला लागले. उस्ताद खाटेवर उशांना टेकून बसत. हात गळ्यात अडकवलेला, चेहरा उतरलेला. बाई चहा करत, खुर्च्या सारत. अशातच एका संध्याकाळी शेजारच्या काकांनी विचारलं, "पण उस्ताद, दारात गाडी असताना टेम्पोतून का नेलं तुम्हाला?"

"काय सांगू!" उस्ताद म्हणाले. "ही घाबरली. चावी मोडून बसली. जरा शांतपणे केलं असतं, तर सुरू झाली असती."

स्वयंपाकघराच्या दारात कपबशा घेऊन उभ्या असलेल्या बाईंनी ते ऐकलं. त्यांच्या तळपायाला रस्त्यावरची खडी रुतून झालेली जखम अजून ओली होती. त्या काही बोलणार, इतक्यात कोपऱ्यातली खुर्ची करकरली. आजी उठून उभ्या राहिल्या होत्या.

"लाज वाटत नाही?"

उस्ताद उशांवरून अर्धे उठले.

"आई, अगं..."

"गप्प बस! रक्त तुझं होतं, पण ते माझ्या हातांवर सांडत होतं. मी मागे बसून बघत होते. माझा मुलगा माझ्या डोळ्यांदेखत चाललाय आणि ही पोर त्या मेल्या कुलपाशी झुंजतेय. अनवाणी पळाली ती! गाड्यांपुढे उभी राहिली! तू आज चहा पितोयस तो तिच्यामुळे, आणि वर लोकांना सांगतोस, ही घाबरली?"

"मी तसं नाही म्हणालो..."

"तसंच म्हणालास. आणि आज पहिल्यांदा नाही म्हणालास. रोज म्हणतोस. गाडी बिघडलेली, बोल हिला. दार बिघडलेलं, बोल पाहुण्याला. तुझे वडील असेच होते. आपल्याकडे पाण्याचा पंप होता, आठवतो? त्यांच्याच हातानं सुरू व्हायचा. ते कामावर गेले की मी लांबच्या नळावरून बादल्या वाहायची. कंबर मोडून गेली. संध्याकाळी हे यायचे, पंपाला एक चापट मारायचे, पाणी सुरू! सगळी आळी वाहवा करायची. टाळ्या त्यांना, बादल्या मला! दिवसभर पाणी कुणी भरलं, एका तरी माणसानं विचारलं का?"

आजींचा श्वास लागला होता. बाईंनी पुढे होऊन त्यांना खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत.

"तुला वाटतं, तू हुशार आहेस. अरे, जी वस्तू घरात एकालाच वापरता येते, ती वस्तू बिघडलेली असते. आणि ती बिघडलेलीच राहावी असं ज्याला वाटतं, त्याला आपल्या माणसांपेक्षा आपली गरज लागलेली जास्त आवडते. ही हुशारी नव्हे. हा माज आहे!"

शेजारच्या काकांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि चपला शोधायला लागले. "तुम्ही पण ऐकून जा," आजी त्यांना म्हणाल्या. "कुंपणाशी उभं राहून टाळ्या तुम्हीच वाजवायचात."

त्या रात्री उस्ताद जेवले नाहीत. आपला अपमान झाला असं त्यांना वाटत होतं. चार लोकांत आईनं असं बोलायला नको होतं, हेच ते घोळवत पडले. माणसाला आपलं चुकलं हे समजायच्या आधी आपल्याला चारचौघांत बोललं गेलं हेच जास्त बोचतं. उस्तादही त्याला अपवाद नव्हते.

सकाळी ते न्हाणीघरात गेले. इतके दिवस ते दार नुसतं लोटून घेत, आज डोकं दुसरीकडे होतं, सवयीनं कडी लावली. आणि निघायची वेळ झाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

एका हातानं दार उचलायचं. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं कडी सरकवायची. दुसरा हात गळ्यात होता.

त्यांनी डाव्या हातानं दार उचललं, कडीला हनुवटीनं ढकलून बघितलं. दार सोडून कडीला धरलं, तर दार खाली बसलं. खांदा लावला, गुडघा लावला. घाम फुटला. बराच वेळ त्यांनी हाक मारली नाही. मग मारली.

बाई दाराशी आल्या. "काय झालं?"

"कडी... निघत नाही."

बाईंनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग अगदी शांत आवाजात म्हणाल्या, "केसभर उचला आणि मग सरकवा. हात लागतो त्याला."

आत कडी एकदा खडखडली.

"लक्ष नसतं तुमचं," बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज संतापानं चढला होता. "वस्तूवर जरा माया लागते. सांगा ना, कसं वाटतं? आत अडकून पडायचं आणि बाहेरून कुणीतरी शहाणपण शिकवायचं! मी हे रोज सकाळी ऐकलंय. ज्या दिवशी तुमचा जीव चालला होता त्या दिवशीसुद्धा ऐकलंय. आणि मग लोकांसमोर ऐकलंय, की ही घाबरली. हो, घाबरले होते मी! तुम्ही मरत होता!"

बाई तिथून गेल्या नाहीत. स्वयंपाकघरातून उलथनं आणलं, दाराच्या खालच्या फटीत सारलं आणि टाच देऊन दार वर उचललं. आत उस्तादांनी डाव्या हातानं कडी सरकवली. दार उघडलं. उस्ताद तिथेच न्हाणीच्या उंबऱ्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

"चुकलो गं," ते म्हणाले. "फार चुकलो. मला वाटायचं, माझ्यावाचून या घराचं अडतं. मीच अडवून ठेवलं होतं."

"मला सांगून काय उपयोग? किल्लीवाल्याला फोन करा," बाई म्हणाल्या. "आणि सुतारालाही."

किल्लीवाला दुसऱ्या दिवशी आला. त्यानं बॅटरीची तार सोडवली, स्टिअरिंगखालचं झाकण काढलं, तुटलेला तुकडा बारीक आकड्यानं ओढून बाहेर घेतला आणि सगळं कुलूप उपसून उस्तादांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. हलवल्यावर त्यातून पितळेचा चुरा सांडला.

"हे माझ्या हातात व्यवस्थित चालायचं," उस्ताद सवयीनं म्हणाले.

"हे केव्हाच गेलंय, साहेब," किल्लीवाला हसला. "तुम्ही नुसता खांदा देत होता."

नवं कुलूप बसलं. तार जोडली गेली. किल्लीवाल्यानं दोन चाव्या पुढे केल्या. उस्तादांचा हात पुढे गेला आणि मधेच थांबला. "यांना द्या," ते म्हणाले. बाईंनी दोन्ही चाव्या घेतल्या, आणि स्वतः गाडीत न बसता त्या आजींकडे वळल्या.

"आई, तुम्ही बसा."

"मी? मला कुठे गाडी येते!"

"चालवायची नाही. नुसती सुरू करायची."

आजी पुढच्या सीटवर बसल्या. गाडी गिअरमध्ये नाही हे बाईंनी बघून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच आजींनी ते काळं चाक हातात धरलं होतं. त्यांनी चावी कुलपात घातली. उस्ताद नकळत खिडकीपाशी वाकले, मदतीला.

"बाजूला हो," आजी म्हणाल्या.

त्यांनी चावी फिरवली. गाडी सुरू झाली!

कुंपणापाशी शेजारचे काका उभे होते. त्यांनी टाळी वाजवली नाही. वाजवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. एका माणसानं चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली, एवढंच. आजी मात्र इंजिन बंद करेनात. दोन्ही हात चाकावर ठेवून त्या तो आवाज ऐकत राहिल्या, आणि बाईंनी बघितलं की त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय. कुठल्या पंपाची त्यांना आठवण झाली, हे बाईंना विचारावं लागलं नाही.

वाचकहो, आता जरा आपल्या घराकडे बघा, आपल्या कचेरीकडे बघा. तुमच्याशिवाय कुणाला उघडत नाही असं एखादं कपाट असेल, तुमच्याशिवाय कुणाला चालत नाही असं एखादं यंत्र असेल, आणि त्याचा तुम्हाला आतून अभिमानही असेल. तो अभिमान सोडा. आपल्यावाचून दुसऱ्याचं अडावं यात मोठेपणा नाही. आपण नसताना कुणाचं अडू नये, यासाठी झटण्यात आहे. बिघडलेली वस्तू दुरुस्त करा, आणि तिच्यापायी आजवर ज्याला दोष दिलात, त्याची माफी मागा. तुमच्या हाताला काही होण्याची वाट बघू नका.

उस्तादांचा अंगठा आता अर्धाच वळतो. काच ते अजून कापतात, पण टेबलाचे चारही पाय सारखे आहेत. आणि शाळेच्या दिवशी सकाळी ते आंघोळीला गेलेले असतात तेव्हा बाहेर गाडी एका फटक्यात सुरू होते, फाटक उघडतं, आणि बाई त्यांना हाक न मारता निघून जातात.